नानांचा राजीनामा आणि माझ्या गोळ्या

गेल्या महिन्यातील एका मंगळवारी सकाळची गर्दी ओसरल्यावर नाना दवाखान्यात आले. नेहमीप्रमाणे बाही वर करतील म्हणून मी रक्तदाबाचे यंत्र पुढे ओढले, तर त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. "आज बी.पी. नको डॉक्टर. हे वाचा आणि उपाध्यक्ष म्हणून पोच द्या," म्हणाले. चार ओळींचा राजीनामा होता. कारण एवढेच, की आता होत नाही.

वाचकहो, नानांचे नाव मी देणार नाही. त्यांनी याच अटीवर लिहायला परवानगी दिली आहे. गावातले लोक ओळखतील ते ओळखतीलच. वय ६६. शेतीपंपांच्या जळालेल्या मोटारी रिवाइंडिंग करून देण्याचे त्यांचे दुकान. वडील वारकरी, घरात पखवाज होता. नानांना स्वतःला वाजवता येत नाही, पण कान असा की दोन गल्ल्या पलीकडच्या मंदिरात पखवाज उतरलेला असेल तर यांना जेवताना चैन पडत नाही. या माणसाने १९९८ च्या जानेवारीत, शाळेच्या सभागृहात सतरंज्या टाकून, ध्रुपद आणि पखवाज यांचा दोन दिवसांचा महोत्सव सुरू केला. तालुक्याच्या गावी ध्रुपद! ख्याल ऐकणारेच मूठभर. त्यात ही त्याआधीची गायकी, तास-तासभर चालणारा आलाप, साथीला तबला नाही, चौतालाच्या बारा मात्रा मोजता मोजता समोरचा श्रोता पेंगायचा. पहिल्या वर्षी ४० लोक आले, त्यातले निम्मे नानांची गिऱ्हाइके. पण हळूहळू गाव त्या आवाजाला सरावले. चांगल्या वर्षी तीनशे माणूस बसलेले मी पाहिले आहे. करोनामुळे २०२१ आणि २०२२ ही दोन वर्षे सोडली तर २८ वर्षांत २६ महोत्सव झाले. एकदाही तिकीट लावले नाही.

माझे योगदान सांगायचे तर स्मरणिकेत दवाखान्याची अर्ध्या पानाची जाहिरात आणि तिच्याच पहिल्या पानावर 'उपाध्यक्ष' म्हणून माझे नाव. या पदाचे काम काय, हे मला गेल्या महिन्यापर्यंत ठाऊक नव्हते.

राजीनाम्यावर विचार करायला त्याच आठवड्यात बैठक झाली. चहा आला, आणि सर्वांत आधी कोण बोलले असेल? मी. "नाना, तुमच्याशिवाय कसं होणार?" मग सगळ्यांनी तीच री ओढली. कोणी म्हणाले, एवढे वर्ष काढा, पुढच्या वर्षी बघू. कोणी नानांचा जाहीर सत्कार करण्याची सूचना मांडली. एका गृहस्थांनी तर पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाचा दाखला दिला, की भीमसेनजींनी तो उत्सव आयुष्यभर सांभाळला, मग नानांनी मध्येच का सोडावा? नाना काही बोलले नाहीत. कपातला चहा तसाच ठेवून घरी गेले.

रात्री मला झोप येईना. उठून दवाखान्यात गेलो आणि नानांचा केसपेपर काढला. मी जुन्या वळणाचा डॉक्टर आहे, कागद जपून ठेवतो. इतर महिन्यांत नानांचा रक्तदाब १३६/८४, १३८/८६ असा. डिसेंबर उजाडला की १५०, आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात १६८/१०२. एका वर्षी नव्हे. गेली आठ-दहा वर्षे हाच आलेख. पुढे माझेच अक्षर: अ‍ॅम्लोडिपिन ५ ऐवजी १०. अ‍ॅसिडिटीची गोळी. 'झोप नाही', म्हणून झोपेची सौम्य गोळी, पंधरा दिवसांपुरती. फेब्रुवारीत डोस पुन्हा कमी. २०२३ च्या जानेवारीत महोत्सवाच्या आदल्या रात्री छातीत दडपण, घाम. जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. ई.सी.जी. आणि रक्ततपासणी सुदैवाने ठीक निघाली. त्या रुग्णालयाच्या खाटेवरून नाना फोनवर कुणाला तरी गाडीची वेळ सांगत होते, कारण पाहुणे पखवाजवादक पहाटे स्टेशनवर उतरायचे होते.

आणि जानेवारी २०२१ची नोंद: १३४/८२. गाव करोनाने धास्तावलेले, नानांचे दुकान अर्धे बंद, पण महोत्सव नव्हता. एका माणसाच्या एका नोंदीवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मला कळते. तरी डॉक्टरने ती नोंद वाचायला तर हवी होती! मी ती लिहिली आणि पान उलटले.

दुसऱ्या दिवशी नानांच्या दुकानात गेलो. एक मोटार उघडून बसले होते. काळी पडलेली तार दाखवत म्हणाले, "डॉक्टर, लोक म्हणतात मोटार बिघडली. मोटार कशानं जळते माहीत आहे? तीन फेजची मोटार चालू असताना एक फेज गेली, तरी ती लगेच थांबत नाही. उरलेल्या दोन फेजवर ओढत राहते. आवाज बदलतो, घूं घूं करते, तापते. मालक लांब वस्तीवर असतो, पाणी येतंय म्हणून निवांत असतो. मग वाइंडिंग जळते." थोडे थांबून पुढे म्हणाले, "आम्ही तिघे होतो. एकाची बदली झाली. एक २०१६ ला गेला. त्यानंतर मी एकटाच ओढतोय."

मी विचारले, यावर उपाय नसतो का? असतो. स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले असतो, भार वाढला की तो आपोआप ट्रिप होतो आणि मोटार वाचते. "पण लोक काय करतात," नाना हसले, "उसाला पाणी तर द्यायचंय, रिले सारखा पडतोय, म्हणून त्याला बायपास करून मोटार डायरेक्ट जोडतात."

नानांची मोटार दर जानेवारीला डायरेक्ट कोण जोडून देत होते, ते मला केसपेपरवरून आदल्याच रात्री कळले होते. रक्तदाबाची गोळी वाढवणे चुकीचे नव्हते. १६८/१०२ ला ती द्यावीच लागते. (या लेखावरून कोणी आपल्या मनाने गोळ्या बंद करू नयेत, हे बजावून सांगतो. अर्धांगवायूचा झटका विचारून येत नाही.) चूक अशी, की गोळी देऊन मी गप्प बसलो. 'हा भार कमी करा' हे औषध चिठ्ठीवर लिहायला मला दहा वर्षे सुचले नाही, कारण मलाही जानेवारीत पहिल्या रांगेत बसून ध्रुपद ऐकायचे होते.

या अवस्थेला इंग्रजीत 'बर्नआउट' म्हणतात, जळून जाणे. शब्द आता कंपन्यांतल्या तरुणांच्या तोंडी असतो, पण तो वैद्यकात कसा आला हे ऐकण्यासारखे आहे. न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर दिवसा आपला व्यवसाय करून संध्याकाळी एका मोफत दवाखान्यात काम करीत. तिथली बरीच माणसे स्वयंसेवक होती. पैशासाठी नव्हे, तर मनापासून आलेली. काही महिन्यांनी हीच उत्साही माणसे थकलेली, चिडकी, कोरडी झालेली त्यांना दिसू लागली. ते स्वतःही त्यातून गेले. १९७४ साली त्यांनी या विषयावर लेख लिहिला आणि हा शब्द रूढ झाला. पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी १९८१ मध्ये या अवस्थेची मोजपट्टी तयार केली. तीत तीन गोष्टी पाहतात: मनाचा पूर्ण थकवा, ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांच्याविषयी येणारा तुटकपणा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची व्याख्या दिली. हा रोग नाही, नोकरी-व्यवसायाच्या संदर्भातली अवस्था आहे आणि आयुष्याच्या इतर क्षेत्रांतील अनुभवांना हा शब्द लावू नये, असे त्यांचे म्हणणे. व्याख्या काटेकोर असावी हे मान्य. पण ज्यांच्याकडे पाहून या अवस्थेचे पहिले वर्णन झाले त्यांच्यात बिनपगारी माणसे होती, आणि आता व्याख्या मात्र कामाच्या जागेपुरती. नानांसारख्याला ना रजा, ना निवृत्तीचे वय, ना वरिष्ठ. राजीनामा द्यायचा तर आमच्यासारख्या नामधारी उपाध्यक्षाकडे.

नानांमध्ये ही तिन्ही लक्षणे होती. दोन वर्षांपासून ते श्रोत्यांवर करवादू लागले होते. उशिरा आलेल्या एका कॉलेजच्या मुलाला त्यांनी दारातूनच परत पाठवले, आणि नंतर स्वतःच हळहळत बसले. वर्गणीला गेले की दुकानदार दोनशे रुपये देताना दहा मिनिटे ताटकळत ठेवतो, ते पूर्वी हसून सांगायचे. आता डोळ्यांत पाणी यायचे. पण मला सर्वांत लागले ते वेगळेच. मोटारीच्या गप्पा संपल्यावर सहज म्हणाले, "डॉक्टर, सात वर्षांत मी एक पखवाज अखेरपर्यंत ऐकलेला नाही." दहाच्या आत माइक बंद करायचा असतो. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत. रात्री दहानंतर लाउडस्पीकर नाही, सरकारने सूट दिलेले वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस तेवढे बारापर्यंत. त्यामुळे आत धमार रंगात आलेला, आणि नाना बाहेर घड्याळाकडे आणि फाटकातल्या पोलिसाकडे पाहत उभे. ज्या आवाजासाठी हा खटाटोप मांडला, तोच ऐकायला मिळत नाही. "पुढच्या जानेवारीत मला तिसऱ्या रांगेत बसायचंय. महोत्सव झाला तर."

याला पळ काढणे म्हणायचे?

सवाई गंधर्वचा दाखला देणाऱ्या गृहस्थांना मी आता उत्तर देतो, त्या दिवशी द्यायला हवे होते. सवाई गंधर्वांचे १९५२ मध्ये निधन झाले, १९५३ पासून त्यांच्या स्मृतीचा उत्सव सुरू झाला आणि भीमसेन जोशींनी तो वाढवला हे खरे. पण त्यामागे आर्य संगीत प्रसारक मंडळ ही संस्था होती, कार्यकर्त्यांच्या फळ्या होत्या. म्हणून २०११ मध्ये भीमसेनजी गेले तरी उत्सव बंद पडला नाही; आज तो त्यांचेही नाव घेऊन चालतो. जालंधरचे हरिवल्लभ संगीत संमेलन तर १८७५ पासूनचे. सुरू करणारे जाऊन पिढ्या लोटल्या. आमच्या महोत्सवाची संस्था म्हणजे नानांचा मोबाइल आणि एक निळी वही. मोठ्यांचे उदाहरण द्यायचे तर त्यांच्या फळीचेही द्यावे; नुसत्या त्यागाचे देऊ नये.

आणि सत्कार! आपल्याकडे कार्यकर्ता थकला की त्याच्या खांद्यावर शाल टाकतात. खांद्यावरचे ओझे काढून घेत नाहीत, त्याच्यावर शाल पांघरतात. गणेश मंडळ, वाचनालय, व्याख्यानमाला, दिंडी, भजनी मंडळ, सगळीकडे असा एक नाना असतो, आणि 'तुमच्याशिवाय पान हलत नाही' हे वाक्य त्याला कौतुक म्हणून ऐकवले जाते. मी अनेकांच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला आहे. त्यांच्या बाबतीत हे वाक्य बेडीसारखे असते.

येथे वहिनींचाही विषय काढायला हवा. महोत्सवातल्या कलावंतांचे जेवण २६ वर्षे त्यांच्या हातचे. पखवाजाच्या डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक लावावी लागते, तेव्हा तो घुमणारा आवाज येतो. ऐन वेळी ग्रीनरूममधून निरोप येणार, 'वहिनी, कणीक पाठवा', हे ठरलेले. त्यांचे गुडघे गेले आहेत, साखर वाढली आहे. नानांचा राजीनामा निदान कागदावर आला. वहिनींचे नाव कोणत्याच कार्यकारिणीत नाही, त्यामुळे त्यांना राजीनामाही देता येत नाही. मी विचारले तर म्हणाल्या, "मला कोण सोडणार भाऊजी? पोळ्या लाटायला कार्यकारिणी लागत नाही."

आता डॉक्टर म्हणून काही सांगतो. ज्यांना असा थकवा जाणवतो त्यांनी आधी शरीर तपासून घ्यावे. सगळाच थकवा कामाचा नसतो. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, बी-१२ या साध्या तपासण्या आहेत. घोरणे आणि दिवसा पेंगणे असेल तर तेही सांगावे. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास आहे, आवडीच्या गोष्टींतही रस नाही, झोप-भूक बिघडली आहे, जगणे नकोसे वाटते, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहेत. सरकारची टेलि-मानस ही मोफत फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून सुरू आहे. तिथे बोलण्यात कमीपणा नाही. नानांची ही सगळी तपासणी मी आता केली. रक्त ठीक आहे. नैराश्य नाही. पखवाजाची ध्वनिफीत लावली की त्यांचा चेहरा अजून उजळतो. म्हणजे आवड शाबूत आहे, भार असह्य आहे.

बाजूला होण्याचेही एक पथ्य असते. एकदम सगळे सोडले तर निवृत्त माणसासारखी पोकळी येते. दुपारी चारला फोन वाजत नाही म्हणून जीव कासावीस होणारे लोक मी पाहिले आहेत. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या सुमारे १३ हजार लोकांचा एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षाला शंभर तासांहून अधिक, म्हणजे आठवड्याला साधारण दोन तास स्वयंसेवा करणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण काहीच न करणाऱ्यांपेक्षा कमी दिसले. आता निरोगी माणूसच अशी कामे जास्त करतो, ही शंका राहतेच; तरी थोडे काम हाती ठेवावे, एवढे मी बिनदिक्कत सांगेन. आठवड्याला दोन तास. डिसेंबरात नाना रोज आठ तास देत, दुकान सांभाळून.

शिवाय सोडल्यावर 'मार्गदर्शक' होऊन रोज फोन करू नये. वही द्यावी, तीन महिने विचारतील ते सांगावे, मग गप्प राहावे. नव्या मुलांनी तंबोऱ्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावला तर रक्तदाब वाढवून घेऊ नये. संस्था नोंदणीकृत असेल तर विश्वस्तांतला बदल ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो. हे काम कोणी करत नाही, आणि गेलेल्या माणसांची नावे वर्षानुवर्षे विश्वस्त म्हणून राहतात. आमच्याही कागदावर २०१६ मध्ये वारलेले गृहस्थ अजून खजिनदार आहेत.

आणि कोणीच पुढे आले नाही तर? तर एक वर्ष महोत्सव होणार नाही. मला हे लिहिताना वाईट वाटते, पण करोनात दोन वर्षे नव्हताच, गाव जिवंत राहिले. महोत्सव पुन्हा सुरू करता येतो. छातीतल्या त्या रात्रीचा ई.सी.जी. दर वेळी ठीकच निघेल याची हमी कोणताही डॉक्टर देणार नाही.

गेल्या रविवारी दुसरी बैठक झाली. राजीनामा मंजूर केला, टाळ्या न वाजवता. निळी वही उघडून कामे एकेक करून वाचली. ती ४१ निघाली. मोठ्या बैठकांत मोठमोठे बोलणारे दोघे पाणी प्यायला म्हणून गेले ते परत आले नाहीत. हिशेब एका बँकेतल्या मुलीने घेतला. कलावंतांची ने-आण दोन कॉलेजच्या पोरांनी घेतली. त्यातला एक तोच, ज्याला नानांनी दारातून परत पाठवले होते. जेवण यंदा खानावळीतून येईल. कणीक कोण देणार यावर पाच मिनिटे शांतता होती, मग खानावळवाल्यालाच सांगायचे ठरले. १७ कामे अजून कोणाच्याच नावावर नाहीत. जानेवारीला चार महिने आहेत.

शनिवारी नानांचा रक्तदाब १३८/८६ होता.

लाउडस्पीकरच्या परवानगीचा अर्ज माझ्या वाट्याला आला आहे. त्यासाठी येत्या सोमवारी पोलीस ठाण्यात जायचे असल्याने दवाखाना सकाळी नऊऐवजी अकराला उघडेल. रुग्णांनी नोंद घ्यावी.